सगळ्या धोक्यांचा एकच आपत्ती आराखडा : मदतीचं आवाहन

आपल्या परिसरातल्या सर्व धोक्यांचा एकत्रित अभ्यास करून एकच आपत्ती आराखडा बनवण्याचं काम समितीने हाती घेतलं आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे. पैशांची थोडी, माहितीची आणि वेळेची जास्त.

पुराची फाईल वेगळी, भूकंपाची वेगळी, आगीची वेगळी, ही विभागणी कामाला सोयीची असते, पण संकटं ती पाळत नाहीत. फिलिपिन्समध्ये १५ जून १९९१ रोजी पिनातुबो ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला आणि नेमकं त्याच दिवशी तिथे चक्रीवादळही धडकलं. छपरांवर साचलेली राख पावसात भिजून जड झाली, आणि उद्रेकात गेलेल्यांपैकी बहुतेकजण कोसळलेल्या छपरांखाली सापडले. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचा बाहेरून येणारा वीजपुरवठा भूकंपाने तुटला. पर्यायी जनित्रं होती, ती त्सुनामीच्या पाण्यात बुडाली.

कधी तर एका धोक्यावरचा उपायच दुसऱ्यात घात करतो. पुराचं पाणी खालून जावं म्हणून नुसत्या खांबांवर उचललेली इमारत नीट बांधली नसेल, तर भूकंपात तिचा मोकळा तळमजला आधी खचतो. म्हणून सगळे नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे आहेत. निवारा केंद्र पूररेषेत येतं का? तिथे जाणारा एकुलता एक रस्ता दरडीच्या तोंडाशी आहे का? आमच्या मते हे दोन प्रश्न सर्वांत आधी सुटले पाहिजेत.

जुने फोटो, तारखेसह केलेल्या पावसाच्या नोंदी, विहिरींची पातळी, दरड कुठून सुटली याची आठवण, जे असेल ते द्या. ज्येष्ठांशी बोलून नोंदी घेणारे, घरोघर पाहणी करणारे आणि संगणकावर नकाशे करू शकणारे स्वयंसेवक हवेत. अंथरुणाला खिळलेल्या किंवा आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या व्यक्तींची नावंही कळवा. ती यादी समितीबाहेर जाणार नाही. देणगीतून पर्जन्यमापक, पाणीपातळीच्या पट्ट्या आणि नकाशांची छपाई होईल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, हिशेब सर्वांसमोर मांडला जाईल.

आणखी एक विनंती. पुराच्या पाण्याची खूण अजून भिंतीवर असेल आणि घराचं रंगकाम ठरलं असेल, तर आधी आम्हाला कळवा. आमची माणसं येऊन उंची मोजतील, फोटो घेतील. मग खुशाल रंग द्या.