साडेबाराला सावली घालवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. बोलण्याच्या हेलावरून तुम्ही फोंड्याकडच्या असाव्यात, असा आमच्या घरातला तर्क. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तुमचे विज्ञानाचे मिनिट-दीड मिनिटाचे व्हिडिओ माझ्या वर्गाला इतके उपयोगी पडलेत की मनातल्या मनात आभार मानून भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

अंतराळावर बोलणाऱ्यांची मोबाईलवर वाण नाही. कृष्णविवरं, परग्रहवासी, 'शास्त्रज्ञही चक्रावले'. मुलं आ वासून बघतात आणि अंगठ्याने पुढे सरकवतात. तुमचा व्हिडिओ संपला की मात्र ती उठून अंगणात जातात, कारण तुम्ही सांगता ते गोव्यात उभं राहून पडताळता येतं.

शून्य सावलीचंच घ्या, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते ते. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घोकत आलो. तुम्ही सांगितलंत की सूर्य नेमका डोक्यावर येतो तो कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांतच, वर्षातून दोनदा. दिल्लीला तो कधीच येत नाही. गोव्यात एकदा मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सूर्य दिसला तर नवल, तेव्हा खरी संधी मे महिन्याचीच. त्यातही सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून काणकोणात आधी आणि पेडण्यात दोन-तीन दिवसांनी! एवढ्याशा गोव्यात सूर्यालासुद्धा दक्षिणेकडून उत्तरेला जायला दिवस लागतात, हे ऐकून मुलं जाम खूश झाली.

सुट्टी असूनही बरीच मुलं देवळासमोर जमली. एकाच्या वडिलांचा गवंडीकामाचा ओळंबा आणला, पीव्हीसी पाईपचा तुकडा त्याने सरळ उभा केला. बारा वाजले. सावली तशीच. तुमचा व्हिडिओ पाहिलेली मुलं निवांत होती, न पाहिलेल्यांनी चुळबुळ सुरू केली. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या आसपास लावलेलं आणि आपण राहतो ७४ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य अर्ध्या तासाच्या वर उशिरा माथ्यावर. हे गणित चौथीतल्या मुलीने जमलेल्या आज्यांना मातीत काडीने मांडून दाखवलं. साडेबाराच्या पुढेमागे सावली पाईपच्या बुडाशी गोळा होऊन दिसेनाशी झाली. मी इतकी वर्षं भूगोल शिकवते, पण रेखांश असा कुणाला समजलेला पाहिला नव्हता.

माठाचा प्रश्न आमच्याच वर्गातला होता. सोलापूरहून आलेल्या एका मुलाने विचारलं होतं की तिकडे माठातलं पाणी एवढं गार होतं, मग इथे का नाही? मी तो तुम्हाला पाठवला आणि तुम्ही त्यावर व्हिडिओच केलात. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. पण इथली हवा आधीच दमट, ती आणखी वाफ फारशी घेत नाही. माठ तोच, मातीही तशीच, फरक हवेचा. त्या मुलाचा भाव वर्गात एकदम वधारला.

अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून, असं बहुतेक मोठी माणसंही ठामपणे सांगतात. अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर असतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. ते ताशी २८,००० किलोमीटरच्या वेगाने पुढे जात सतत पडत असतं, आतली माणसंही त्याच्यासोबत पडत असतात. हे तुम्ही बुडाशी भोक पाडलेल्या बाटलीने दाखवलंत. हातात धरली की पाण्याची धार लागते, गच्चीवरून सोडली की पडताना धार थांबते. आमच्या शाळेच्या आवारात त्या आठवड्यात फार चिखल झाला, एवढंच.

एक तक्रार करू का? मागचं संगीत थोडं कमी करा. तुमचा आवाज पुरेसा आहे, आणि पावसात पत्र्याखाली बसून ऐकताना तर ढोलकीशिवाय काहीच कळत नाही.

आणि एक मागणं. आमच्या काही मुलांची घरं खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधाजवळ आहेत. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर, मासे पकडणारी त्यांची माणसं तिथी ऐकून भरतीची वेळ सांगतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, आणि अमावास्या-पौर्णिमेला ती मोठी असते, हे मुलांना पाहून ठाऊक आहे. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून पृथ्वीला त्याला गाठायला जास्त वेळ लागतो, इथवर मी सांगते. पण चंद्र एका बाजूला असताना दिवसात दोन भरत्या का, हे मला मिनिटभरात सांगता येत नाही. तुम्ही सांगा. चतुर्थीच्या सुट्टीआधी जमलं तर उत्तम, मुलं सुट्टीत बांधावरच असतात.

आपली,
डिचोलीची एक शिक्षिका