कुठे उतरणार?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "सगळं ठीक आहे गं आई, पण मजा येत नाही." मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, म्हणून "झोप नीट घे" एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर ते डोक्यात बसलं. लवकर झोपणं, सकाळचं ऊन, उशाशी फोन नको, हे सगळं तुला मनगटावरचं घड्याळसुद्धा सांगतं. ते कर. मला वेगळंच सांगायचंय.

मी रिटायर झाले तेव्हा तुम्ही सगळे म्हणालात, सुटलीस एकदाची त्या गर्दीतून. मलाही तसंच वाटलं. 1992 मध्ये लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हापासून बोरिवली-चर्चगेट एके बोरिवली-चर्चगेट. पहिले आठ दिवस मस्त गेले. मग बाबांवर चिडायला लागले. पेपरची घडी का मोडली, चहा अर्धा का ठेवला. दुपारभर सोफ्यावर पडून फोन बघायचा आणि दिवेलागणीला उगाच रडू यायचं. बाबा म्हणाले, थायरॉइड तपासून घे. तपासलं. नॉर्मल.

जूनमध्ये एकदा दादरला ब्लाउजचं अस्तर आणायला गेले आणि परतीला नेमकी सहाची गर्दी लागली. सवयीने समोरचीला विचारलं, "कुठे उतरणार?" ती म्हणाली, "अंधेरी." म्हणजे जागा माझी. अंधेरीला बसले तर शेजारची बाई मांडीवर पिशवी पसरून गवार मोडत होती. टोक मोडायचं, शीर ओढायची, दोन तुकडे. मी बघतेय म्हटल्यावर तिने मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. "घ्या, बोरिवलीपर्यंत होतील." सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची दहावी, ऑफिसातला नवा साहेब, कांदिवली यायच्या आत सगळं कळलं. नाव तेवढं विचारायचं राहिलं. घरी आले ती गुणगुणतच. बाबा म्हणाले, अस्तर एवढं छान मिळालं? अस्तराची पिशवी गाडीतच राहिली होती.

तुला पुराव्याशिवाय काही पटत नाही, हळदीच्या दुधालासुद्धा मागायचास. म्हणून शोधून ठेवलंय. शिकागोचे निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल गाडीच्या प्रवाशांवरच प्रयोग केला, 2014 मध्ये तो छापून आला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना, गप्प बसा. काहींना, रोजच्यासारखं वागा. बोलले त्यांचा प्रवास सगळ्यात चांगला झाला. आणि नुसता अंदाज विचारला तेव्हा लोक नेमकं उलट सांगत होते, गप्प बसण्यातच सुख म्हणून. त्यांच्या गाडीत तिघींच्या बाकावर सरकून बसायची ती चौथी सीट नसणार, नाहीतर प्रयोगाची गरजच पडली नसती.

दुसरा किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांचा, 2010 चा. 2,250 माणसांना फोनवरून अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ 47 टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि भलतीकडे असताना माणूस कमी खूश होता. गवार मोडताना मन कुठे जाणार? गेलं तर शीर राहते आणि जेवताना दातात येते.

आता सकाळी नॅशनल पार्कात फिरायला जाते. पहिले चार दिवस कानात इअरफोन होते, मग काढले. तिथेही एकमेकींना हेच विचारतात, फक्त "उतरणार"च्या जागी "कुठवर जाणार?" सगळेच गोड असतात असं नाही. एक आजोबा रोज कारल्याच्या रसाचे गुण सांगतात, ते दिसले की मी रस्ता बदलते.

आणि तू? दूध ॲपवर, भाजी ॲपवर, लिफ्टमध्ये सगळ्यांच्या माना खाली. बंगळुरूत दोन वर्षं झाली तरी समोरच्या दारात कोण राहतं ते तुला सांगता आलं नाही, तेव्हा मला कसंतरीच झालं. कन्नड येत नाही हे कारण देऊ नकोस. मला कुठे गुजराती येत होतं? ढोकळा मी मालाड ते वांद्रे एवढ्या वेळात गुजरातीतच शिकले, आणि तू तो आवडीने खातोस.

चकलीचे दोन डबे कुरिअर केलेत. प्लॅस्टिकचा तुझा. स्टीलचा समोरच्या दारात नेऊन द्यायचा. माझं नाव कोरलेला लग्नातला डबा आहे, मुद्दाम तोच दिलाय, म्हणजे परत मागायला जावंच लागेल. त्या घरात रीत असेल तर रिकामा येणार नाही. काय आलं ते कळव.

तुझी,
आई