बर्फ नको, हे कुणाला सांगायचं?

प्रिय मनू,

तू झोपली आहेस. रविवारी हॉटेलातून परत येताना गाडीत मी तुला बरंच ऐकवलं. त्यातलं निम्मं मी मलाच ऐकवायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय.

आधी काय घडलं ते सरळ सांगते. वेटर वही घेऊन उभे होते आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. तू माझ्या कानात पुटपुटलीस, "मला संत्र्याचा ज्यूस, बर्फ नको." मी मान वर न करता "एक ऑरेंज ज्यूस" एवढंच म्हटलं. बर्फाचं राहूनच गेलं. ग्लास आला तो बर्फाने भरलेला. तू तो पुढे ढकललास आणि ओरडलीस, "ई! बर्फ नको सांगितलं होतं ना!" ते "सॉरी हं" म्हणत ग्लास घेऊन गेले. त्यांची काय चूक होती? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सॉरी मी म्हणायचं होतं. ते केलं नाहीच, वर "किती उद्धट बोलतेस" म्हणून तुलाच झापलं.

तर यापुढे तुझं पेय तूच सांगायचं, माझ्या कानात नाही, जे लिहून घेतायत त्यांच्याकडे बघून. लाज वाटते, माहितेय. तुझ्याएवढी असताना मीसुद्धा आईच्या मागे तोंड लपवायचे. पण काय हवं, किती हवं, बर्फ हवा की नको, एवढं एका दमात आणि ऐकू जाईल असं सांगितलं की झालं. ठरत नसेल तर "अं... अं..." करत त्यांना ताटकळत ठेवू नकोस. "अजून ठरलं नाही, थोड्या वेळाने सांगू का?" म्हण. त्यांना आणखी चार टेबलं बघायची असतात.

'प्लीज' आणि 'थँक्यू' शाळेत पक्कं करून घेतलंय, ते असू दे. पण एक गंमत बघ. मराठी बोलताना आपण 'कृपया' म्हणतो का कधी? ते बिचारं पाट्यांवरच राहतं. आपला नम्रपणा क्रियापदाच्या शेपटीत असतो. "पाणी दे." "पाणी द्या." "पाणी देता का?" "पाणी मिळेल का?" चारही वाक्यं मोठ्याने म्हणून बघ. शेवटच्या दोन्हींत आवाज आपोआप खाली येतो. उलट "प्लीज ज्यूस दे" म्हटलं तर प्लीज असूनही ते 'दे' टोचतंच. अनोळखी मोठ्या माणसाला 'तुम्ही'च म्हणायचं, मग त्याच्या हातात वही असो नाहीतर फडकं. बाबा सगळ्या वेटरना 'दादा' म्हणतात ते मला आवडतं, पण परवा पलीकडच्या टेबलावरून "ए दादा, इकडे ये!" ऐकलंस ना? त्यात दादा कुठे उरला? त्यातून ते काका चुटकी वाजवत होते. बोलवायचं तर हात थोडा वर करायचा आणि नजरानजर होईपर्यंत थांबायचं.

आता ट्रेबद्दल. हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यावर मी रागावणार नाही. भरलेले पाच-सहा ग्लास एका तळहातावर तोलून आणलेले असतात. कुठला ग्लास आधी उचलायचा हे त्यांच्या डोक्यात असतं, म्हणजे दुसऱ्या बाजूला भार पडत नाही. तू मदत म्हणून कडेचा ग्लास पटकन उचललास, तेव्हा ट्रे कलला आणि त्यांनी दुसरा हात कसा खाली घातला ते मी पाहिलं. थोडक्यात वाचलो! तेव्हा हात मांडीवर ठेवायचे आणि ग्लास टेबलावर टेकू द्यायचा. मदतच करायची असेल तर आधी समोरचं चित्रांचं पुस्तक आणि खडू बाजूला घे. त्यांना ग्लास ठेवायला जागाच नव्हती.

आणि पुन्हा चुकीचं काही आलंच, तर "मी बर्फाशिवाय सांगितला होता, बदलून मिळेल का?" म्हण. 'ई' गाळायचं.

थँक्यूसाठी मात्र मी तुला टेबलाखालून ढोसणार नाही. लहानपणी मला तसं ढोसलं की मी हटकून गप्प बसायचे.

पुढच्या वेळी सुरुवात तुझ्यापासून. माझा फोन पर्समध्ये असेल, नसला तर मला सांग. बाबांची कॉफीही तूच सांग, बिनसाखरेची. ते दरवेळी सांगायचं विसरतात आणि मग तोंड वाकडं करून पितात.

तुझी,
आई