कोल्हापुरी हे नाव कशाला लावायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुष मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची चप्पल दिसली आणि तेव्हापासून कोल्हापुरीवर भरपूर छापून आले. आधी संताप, मग कंपनीच्या लॉरेन्झो बर्टेली यांचे महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला पत्र, जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळलेली प्राडाविरुद्धची जनहित याचिका, डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार. याच काळात फॅशनच्या पानांवर ‘जीन्सवर कोल्हापुरी’, ‘नऊवारीवर कोल्हापुरी’ अशा मथळ्यांखाली जे फोटो येत राहिले, त्यांतली बरीचशी पायताणे कोल्हापुरी नव्हतीच. रेक्झिनचा पट्टा, फोमचा तळ, कडेने यंत्राची नायलॉन शिलाई. अंगठा आहे आणि रंग तपकिरी आहे, एवढ्यावर नाव देऊन मोकळे! प्राडाने नाव घेतले नाही म्हणून आपण चिडलो. इकडे मात्र वाटेल त्या चपलेला ते नाव आपणच देतो.

कायद्याने जे राखले आहे ते फक्त नाव. २०१९मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले ते आठ जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीची किंवा निपाणीची चप्पल कोल्हापुरीच, आणि ‘आमची कोल्हापुरी चोरली’ म्हणणाऱ्यांनी त्या ‘आमची’त सीमेपलीकडचे कारागीरही धरायला हवेत. हे मानांकन आकारावर हक्क देत नाही. अंगठा, पट्टा, सपाट तळ या घडणीची नक्कल जगात कोणीही करू शकतो. शिवाय भारतातली नोंदणी भारतातच चालते, युरोपात तिला आपोआप संरक्षण नाही. प्राडाने आपल्या मालाला चामड्याचे सँडल म्हटले, कोल्हापुरी म्हटले नाही. त्यामुळे नैतिक मुद्दा कितीही खरा असला तरी नावाच्या गैरवापराचा दावा मुळातच कच्चा होता. न्यायालयाने याचिका फेटाळताना याचिकाकर्त्यांच्या अधिकारावर बोट ठेवले: दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाने मागावी.

उलट, आग्र्याहून किंवा आणखी कुठून आलेली रेक्झिनची चप्पल एखाद्या दुकानात ‘कोल्हापुरी’ अशी पाटी लावून विकली जाते, तेव्हा नावाचा गैरवापर थेट होतो. अशा खोट्या मानांकनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद भौगोलिक मानांकनाच्या १९९९च्या कायद्यात आहे. ती वापरायची तर विक्रेत्याच्या मालात काय खोटे आहे ते दाखवता आले पाहिजे. आणि ते चप्पल हातात घेतल्याखेरीज कळत नाही.

आधी कड पाहावी. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे या पाण्यात अनेक दिवस मुरते, त्यामुळे रंग आरपार जातो. तळाची किंवा पट्ट्याची कापलेली कड वरून खालपर्यंत एकसारखी तपकिरी दिसली तर वनस्पतीने कमावलेले चामडे. आतला भाग निळसर-राखाडी आणि वर तपकिरी थर दिसला तर ते क्रोमने, म्हणजे रसायनाने कमावलेले. चामडेच आहे, पण कोल्हापुरीचे नव्हे. कडेतून कापडाची जाळी डोकावली तर रेक्झिन. काही दुकानांत कडेला गडद रंग फासलेला असतो. अशा वेळी पट्टा तळात शिरतो ती खाच वाकवून पाहावी, तिथपर्यंत रंगाचा हात सहसा पोहोचत नाही.

मग शिलाई. तळाचे थर चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात. आरीने भोक पाडायचे, वादी ओवायची, ओढून हातोडीने बसवायची. टाके किंचित कमीजास्त लांबीचे असणे हे हाताचे लक्षण. अगदी एकसारखे, चकचकीत दोऱ्याचे टाके म्हणजे मशीन. तळात खिळे दिसले तर ती चप्पल परत ठेवावी. तळ साधारण म्हशीच्या किंवा बैलाच्या जाड कातड्याचा, वेणी आणि नाजूक काम शेळीच्या पातळ कातड्याचे. ही वेणी घरातल्या बायका विणतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे पातळ ‘कान’ हीही ओळख आहे, पण नक्कल करणारे कान आधी करतात, म्हणून त्यावर विसंबू नये.

करकर वाजते म्हणजे अस्सल, हा तर निव्वळ गैरसमज. तो आवाज तळाच्या थरांमध्ये बी घालून मुद्दाम आणलेला असतो. हौस म्हणून घ्यावी, पुरावा म्हणून नाही.

पाण्याचा थेंब टाकून पाहायची युक्ती समाजमाध्यमांवर फिरते, ती अर्धी खरी. न रंगवलेल्या, तेल न लावलेल्या तळावर थेंब मुरतो आणि डाग गडद होतो, रेक्झिनवर तो ओघळतो. पण तेल दिलेल्या किंवा पॉलिश केलेल्या अस्सल पट्ट्यावरही तो ओघळतोच. त्यामुळे नेहमी तळाच्या आतल्या बाजूला, टाचेपाशी पाहावे. वासाचेही तसेच आहे. कमावलेल्या चामड्याचा वास सालीसारखा, उग्र असतो, आणि पहिल्या आठवड्यात घरात कोणीतरी नाक मुरडतेच.

आता मापाविषयी, कारण ‘कोल्हापुरी चावते’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या मापाची असते. हे चामडे वापराने सैल होते, विशेषतः पट्टा. दुकानात अगदी आरामशीर वाटणारी चप्पल दोन महिन्यांत फटफटायला लागते. पट्टा घट्ट पण न रुतणारा, टाच तळाच्या काठाशी बरोबर, अंगठा कडीत शिरताना थोडा अडणारा, असे माप घ्यावे. पाऊल पट्ट्यात पूर्ण सरकतच नसेल तर मात्र तेलाने ते माप होणार नाही. चावते ती जागा तीन ठिकाणी असते: अंगठ्याची कडी, कानाची कड आणि पावलाच्या उंचवट्यावरचा पट्टा. रात्री खोबरेल किंवा एरंडेल बोटावर घेऊन या जागांना आतून चोळावे, तळाला नाही. पहिले तीन-चार दिवस अर्धा तासच घालावी. तेलात बुडवून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तसे केले तर रंग काळपट पडतो आणि पट्टा इतका ढिला होतो की पुन्हा आवळायला कारागिराकडेच न्यावा लागतो. नवा चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून लग्नाच्या दिवशी थेट हॉलमध्ये नवी जोडी घालू नये. आधी चार दिवस डांबरी रस्त्यावर चालावे, किंवा खाली रबराचा पातळ थर लावून घ्यावा.

पावसाळ्यात ही चप्पल घालूच नये. भिजली की सालीचा रंग पाण्यात उतरतो, पाय तपकिरी होतात आणि उन्हात वाळवली तर तळ पापडासारखा वळतो. चुकून भिजलीच तर कोरड्या कापडाने टिपून, दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून वर वजन द्यावे आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावी. मग थोडे तेल. चार महिने ठेवायची तर कागदात किंवा सुती पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि पांढरी बुरशी येते. चप्पल घराबाहेर नेऊन ही बुरशी कोरड्या कापडाने पुसावी.

एवढ्या कामाची चप्पल तीनशे रुपयांत येणार नाही, हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०२५पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी पाच टक्के झाला. आधी हजारापर्यंत बारा आणि त्यावर अठरा होता, त्यामुळे मधल्या किमतीच्या हाती शिवलेल्या जोडाला खरा दिलासा मिळाला. पण खर्च वाढवणारे मुख्य कारण करात नाही, कातड्यात आहे. २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, २०२१मध्ये कर्नाटकातला कायदा कडक झाला, त्यामुळे बैलाच्या कातड्याची स्थानिक आवक आटली. गावातच कातडे कमावणारे ढोर समाजातले कारागीर कमी होत गेले आणि चर्मकारांना कमावलेले चामडे परराज्यांतून मागवावे लागते. बाहेरचे चामडे क्रोमचे निघाले तर कारागीर कितीही निष्णात असो, चप्पल मघाच्या कडेच्या परीक्षेत नापास होते.

करारातून प्राडासाठी इथे करायच्या २,००० जोडांचेही प्रमाण लक्षात घ्यावे. जोडाला सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांहून जास्त. आकडा डोळे दिपवतो. मात्र हाताने दिवसाला एक-दोन जोड होतात असे धरले, तर शंभर कारागिरांना हे दोन-तीन आठवड्यांचे काम. करारात प्रशिक्षणही आहे आणि ते चांगलेच आहे, पण वर्षभराची चूल त्यावर पेटत नाही. ती पेटते कोल्हापूरच्या चप्पल लाइन या बाजारपेठेत आणि आठवडी बाजारात येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

म्हणून कारागिरांची नोंदणी महत्त्वाची. मानांकनाचे मालकपद दोन महामंडळांकडे आहे, पण प्रत्यक्ष चप्पल करणाऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. अर्ज जीआय-३, पाठवायचा चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात, आणि २०२०च्या सुधारणेनंतर शुल्क फक्त दहा रुपये. अडचण पैशांची नसून कागदांची आहे. घरात काम होते, दुकानाचा परवाना नसतो, चप्पल व्यापाऱ्याच्या शिक्क्याने विकली जाते, त्यामुळे ‘मीच करतो’ याचा पुरावा कारागिराकडे नसतो. कोल्हापूरच्या सुभाषनगर-जवाहरनगरात किंवा कापशी, कुरुंदवाडसारख्या गावांत महामंडळाने शिबिर लावून हे अर्ज जागेवरच भरून घेतले, तर चपलेवर क्यूआर कोड लावण्याच्या महामंडळाच्या योजनेलाही अर्थ येईल. कोड स्कॅन केल्यावर करणाऱ्याचे नाव आणि गाव दिसले पाहिजे. नुसता महामंडळाचा लोगो दिसून गिऱ्हाइकाला काय कळणार?

तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील. आपल्या पुरवणीतल्या फोटोंखाली, चपलेची कड आणि शिलाई पाहिल्याशिवाय ‘कोल्हापुरी’ लिहू नये. ‘अंगठ्याची चप्पल’ हा शब्द मराठीत आहेच. आणि वाचकांनी खरेदी करताना बिलावर ‘कोल्हापुरी चप्पल, पूर्ण चामडे, हाती शिलाई’ एवढे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्यावेत. लिहायला नकार मिळाला तर पैसे देण्याआधीच उत्तर मिळाले, आणि लिहून मिळालेले खोटे निघाले तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला तोच कागद उपयोगी पडतो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर