मिठाचा पगार : शब्दाचे मूळ खरे, गोष्ट निराधार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ मिळे, त्यावरून सॅलरी हा शब्द आला' ही गोष्ट शाळेच्या फलकांपासून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. उरणपासून शिरोड्यापर्यंत मिठागरे पाहत वाढलेल्या मुलांना तरी ती तपासून सांगायला हवी.

मूळ मिठातच आहे, यात वाद नाही. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ. त्यावरून 'सालारिउम', म्हणजे नेमून दिलेला भत्ता. फ्रेंचमार्फत तो 14व्या शतकात इंग्रजीत रुळला. सॅलड, सॉस, सॉसेज हे शब्दही त्याच घरचे. सॅलड म्हणजे मुळात मीठ लावलेला पाला.

घोटाळा यापुढे होतो. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ.स. 79) आपल्या निसर्गेतिहासाच्या 31व्या खंडात एवढेच लिहितो, की सैन्यातल्या मानधनातही मिठाचा शिरकाव आहे आणि 'सालारिउम' हे नाव त्यावरूनच पडले. मीठ मापून दिले जाई, असे तो कुठेही म्हणत नाही. 'मीठ घ्यायला दिलेले पैसे' हाही बऱ्याच नंतरच्या कोशकारांचा तर्क आहे.

शिपायाच्या पगाराला तर लॅटिनमध्ये वेगळाच शब्द होता, 'स्टिपेंडिउम', आणि तो नाण्यांत मिळे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने दर दिले आहेत : पायदळाच्या शिपायाला रोज दोन ओबोल (ग्रीक नाणे), आणि धान्य, कपडे, जादा हत्यारे यांची किंमत त्यातून वजा. सम्राट ऑगस्टसच्या काळी हा पगार वर्षाला 225 देनारिउस (रोमन चांदीची नाणी) होता.

मीठ पगाराला किती गैरसोयीचे, हे आगरात काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. समुद्राचे पाणी साधारण 3 अंश बोमेचे (बोमे म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजण्याचे माप) असते. ते आटून 25 अंशांच्या आसपास गेले की मीठ धरते. 29-30 अंशांवर उरलेले पाणी काढून टाकले नाही, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. मीठ कडवट होते आणि हवेतला ओलावा ओढून त्याला पाणी सुटते. पावसाळ्यात असे पोते गळून वजनाला घटते. पगार म्हणून कोण ते साठवील?

याच गोष्टीला जोडून 'सोल्जर' हा शब्दही मिठावरून आल्याचे सांगतात. तेही चूक. त्याचे मूळ 'सोलिदुस' या सोन्याच्या नाण्यात आहे.

'खाल्ल्या मिठाला जागणे' आपल्या तोंडी असल्यामुळे ही कथा चटकन पटते. पण आपल्या म्हणीतले मीठ म्हणजे खाल्लेले अन्न, मजुरी नव्हे.

प्रश्नसंच काढणाऱ्यांना विनंती, की उत्तर असे छापावे : 'सॅलरीचे मूळ लॅटिन साल म्हणजे मीठ, पगार मिठात दिल्याचा प्राचीन पुरावा नाही.'

आपले,
शब्दव्युत्पत्तीचे काही अभ्यासक, वेंगुर्ला