वहिनींना सांग, दादा

मँचेस्टर, रविवार रात्र

दादा,

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहायला बसले. फोन केला की तू स्पीकर लावतोस, वहिनी शेजारीच शेंगा फोडत बसलेल्या असतात, तू म्हणतोस सगळं बरंय आणि मीपण बरं म्हणून फोन ठेवते, आणि मग इकडं रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. हे तुझ्या एकट्याच्या व्हॉट्सअपवर पाठवतेय. रानात गेल्यावर बांधावर बसून सावकाश वाच, आणि चिडू नकोस. धाकटी असले तरी गेली सहा वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात नोकरी करतेय, तेवढ्यापुरतं तरी माझं ऐक.

मागच्या कॉलला तुझ्या पाठीमागं देवळीत तीन प्लॅस्टिकच्या डब्या दिसल्या, लेबल नसलेल्या. मी विचारलं तर तू म्हणालास, "काही नाही गं, ताकदीचं हाय." नंतर पिंकीनं सांगितलं की दसऱ्यापासून चालू आहे, महिन्याला सहा हजार जातात, आणि केमोच्या दिवशी पण सकाळी अनशापोटी देतात. तिला रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. आणि तिनं हेही सांगितलं की वहिनींना अजून कुणीच आजाराचं नाव सांगितलेलं नाही. गाठ होती, काढली, परत होऊ नये म्हणून सलाईन लावतात, एवढंच.

दादा, वहिनींपासून तू आजार लपवलास आणि डॉक्टरांपासून डब्या लपवल्यास. दोन्ही मायेपोटीच केलंस हे मला कळतं रे. पण दोन्हींचा त्रास शेवटी वहिनींच्याच अंगावर येणारे.

वहिनी सातवी शिकलेल्या आहेत. बार्शीला हॉस्पिटलच्या दारावर कॅन्सर हा शब्द केवढ्या मोठ्या अक्षरात आहे, तीन केमोला तीनदा त्या दारातून आत गेल्यात. शेजारच्या खाटेवरच्या बायका बोलतात, केस गेले, छातीवर एका बाजूला सपाट टाके आहेत. तुला खरंच वाटतं का त्यांना माहीत नाही? माझ्या वॉर्डात मागच्या वर्षी एक गुजराती आजी होत्या, त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणायचा सिस्टर, प्लीज आईला कळू देऊ नका. एका नाईटला मी त्यांना पाणी द्यायला गेले तर आजींनी उशीच्या अभ्र्यातून घडी घालून घालून मऊ पडलेला कागद काढला, त्यांचाच रिपोर्ट, नातवाकडून वाचून घेतलेला. हिंदीत मला म्हणाल्या, मला सगळं ठाऊक आहे, पण पोराला सांगू नको, तो रडेल. चार महिने आई आणि मुलगा एकाच खोलीत एकमेकांपासून तोंड फिरवून एकटे एकटे रडत होते. मला तो कागद विसरता येत नाही. त्याच्या घड्या पार झिजल्या होत्या.

आणि माहीत नसलं की काय होतं ते वहिनींच्याच बाबतीत बघ. दुसऱ्या केमोनंतर त्यांना ताप आला, तुम्ही क्रोसिन देऊन दोन दिवस घरी ठेवलं. पिंकीनं हे सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. केमोनं पांढऱ्या पेशी खाली येतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात कमी असतात, त्यात जंतू शिरला तर काही तासांत जीवावर बेतू शकतं. इथं प्रत्येक पेशंटच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, त्यावर चोवीस तास चालू असलेला फोन नंबर असतो, आणि ताप ३८ डिग्री म्हणजे आपल्याकडचा १००.४ झाला की रात्रीचे तीन असू देत, फोन करून निघायचं. ही गोष्ट खुद्द पेशंटला माहीत पाहिजे, कारण थंडी वाजून येतेय हे सगळ्यात आधी तिलाच कळतं. वहिनी मात्र तुम्हाला त्रास नको म्हणून वाकळ पांघरून गप पडून राहिल्या. आजार काय आणि औषध कसं काम करतं हे कळलं असतं तर त्यांनीच तुला हाक मारली असती. थर्मामीटर आजच घे, डॉक्टरांना विचारून बार्शीच्या वॉर्डाचा नंबर आणि कळंबला रात्री कुठं जायचं ते ठरव, आणि दोन्ही चुलीपुढच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेव.

आता डब्यांचं. येरमाळ्याची मावशी आठव. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मावशीच्या छातीत लिंबाएवढी गाठ, दुखत नव्हती, आणि एका माणसानं सांगितलं की गाठीला सुई लावली की पसरतं, सुरी लावली तर संपलंच, माझा काढा घ्या. आठ महिने घेतला. मावशीला आणलं तेव्हा जखम वाहत होती, वास यायचा म्हणून ती स्वतःच दाराशी बसायची, आत यायची नाही. सुईनं तपासल्यानं गाठ पसरते हे खरं नाही रे, तपासल्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल हेच कळत नाही. अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी २०१८ ला अभ्यास छापला, ज्यांनी ऑपरेशन-केमो सोडून नुसते पर्यायी उपचार घेतले त्यांचा मरणाचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीच्याही वर. तू तसं केलं नाहीस, वहिनींचं ऑपरेशन वेळेत केलंस, केमो चालू ठेवलीस, त्यासाठी तुझे पाय धरावेसे वाटतात. पण त्याच्याच जोडीला लेबल नसलेली पावडर पोटात जातेय. तिच्यात काय आहे हे देणाऱ्याला तरी माहीत आहे का? अशा काही औषधांत शिसं, पारा सापडलाय. गुळवेल आपण सगळे चांगलीच समजतो, मीपण समजायचे, पण कोविडच्या वेळी मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं डॉक्टरांनी छापलंय. आणि केमोची बरीच औषधं तर लिव्हरलाच पचवायची असतात, त्याच्यावरच दुसरा भार टाकला तर पुढची केमो लांबू शकते.

हळदीचं तू विचारलं होतंस. भाजीत, वरणात, दुधात चिमूटभर हळद काही अपाय करत नाही, खुशाल घालू देत. कॅप्सूल मात्र वेगळं प्रकरण आहे. रिपोर्टात वहिनींचं हार्मोन पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे गाठ अंगातल्या हार्मोनवर वाढणारी आहे, म्हणून पुढं बहुतेक तो हार्मोन अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षं चालेल, आणि नेदरलँडमध्ये पेशंटच्या रक्तात तपासून बघितलं तर हळदीच्या अर्काची कॅप्सूल, त्यातही मिरीच्या अर्कासोबत, घेतल्यावर त्या गोळीचं काम करणारं रूप रक्तात कमी झालं. तुला एक सांगू, ही गोळी स्तनाच्या कॅन्सरवर पहिल्यांदा वापरून बघितली ती इथंच मँचेस्टरला, ख्रिस्टी या कॅन्सरच्या हॉस्पिटलात, १९७१ ला त्याचा पेपर आला. त्याच गावात मी राहते आणि तीच गोळी उद्या माझ्या वहिनीला लागणार, रोज त्या रस्त्यानं बस जाते तेव्हा हे मनात येतं.

डब्या फेकू नकोस. पुढच्या वेळी तिन्ही पिशवीत घालून बार्शीला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. ते रागावतील म्हणून भीती वाटते ना? रागावले तर रागावू देत, दोन मिनिटांचा राग. पण तोवर वहिनींना ते देऊ नकोस, एवढं माझं ऐकच.

याचा अर्थ नुसतं सलाईन लावा आणि बाकी काहीच करू नका असं मी म्हणत नाहीये, उलट. इथं ख्रिस्टीजवळ मॅगीज नावाचं घर आहे, २०१६ पासून. घरच म्हणते, कारण तिथं काउंटर नाही, टोकन नाही, मधोमध मोठं लाकडी टेबल आणि शेजारी चहाची किटली. ज्या बाईच्या नावानं हे आहे तिला कॅन्सर परत आल्याचं सांगून खिडकी नसलेल्या कॉरिडॉरमध्ये बसवून ठेवलं होतं, तिथूनच तिला सुचलं की पेशंटला बसायला माणसासारखी जागा पाहिजे. ती १९९५ ला गेली आणि पहिलं घर १९९६ ला एडिंबरात उघडलं. कुणीही अपॉइंटमेंट न घेता यायचं, पैसे लागत नाहीत. कुणी खायचं काय ते विचारतं, कुणाला सरकारी मदतीचा फॉर्म भरून देतात, कुणी योगा करतं, कुणी नुसतं बसून रडतं. सुट्टीच्या दिवशी मी जाते कधीकधी, कप विसळते, हिंदी-मराठी बोलणारं कुणी आलं तर बसते त्यांच्यापाशी. औषध हॉस्पिटलात आणि माणूस या टेबलावर, असं दोन्ही मिळून उपचार होतात इथं. दुखणं, झोप न लागणं, धास्ती, थकवा यासाठी योगा, श्वासाचे व्यायाम, ध्यान याचा उपयोग होतो हे तर आता अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संघटनांनीच लिहून ठेवलंय. फक्त सोबत, बदल्यात नाही.

आणि चालणं. तुम्ही वहिनींना खाटेवरून उतरू देत नाही, आई म्हणते आराम पडूदे. २०२५ ला एक मोठा अभ्यास आला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं कुणीतरी धरून व्यायाम करून घेतला, तर आठ वर्षांनी त्यांच्यातले ९० टक्के जिवंत होते आणि नुसती माहितीची पुस्तिका दिलेल्यांतले ८३. तो कॅन्सर वेगळा, पण हातपाय हलवल्यानं थकवा कमी होतो हे मी रोज डोळ्यानं बघते. विहिरीपर्यंत जाऊन यायचं, सकाळ-संध्याकाळ, दमल्या तर बसायचं. ऑपरेशनच्या बाजूचा हातही वर करायचा, भिंतीवर बोटं चालवत चालवत जेवढा जाईल तेवढा, नाहीतर खांदा आखडतो. जड घागर मात्र इतक्यात नको.

खाण्यावरून मला सगळ्यात जास्त राग आलाय. दूध बंद, अंडी बंद, साखर बंद, भात बंद, कुणाच्या सांगण्यावरून? साखर सोडल्यानं गाठ उपाशी मरते असं होत नाही, वहिनीच उपाशी राहतात. सहा किलो वजन उतरलंय त्यांचं. टाके भरायला, रक्त भरून यायला प्रथिनं लागतात. उकडलेलं अंडं, तुरीचं घट्ट वरण, पिठलं, शेंगदाण्याचा कूट, ताजं दही, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, तोंड आलं असेल तर तिखट येसर थोडे दिवस बाजूला. आईच्या हातचे धपाटे त्यांना आवडतात, द्या की. फक्त पाणी उकळून, फळ धुऊन, आणि रस्त्यावरचा रस नको.

आईला एक आठवण दे. २००० च्या आसपास आपल्या गावात बायका आल्या होत्या बघ, ओट्यावर बसून चित्रं दाखवून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं समजावून सांगायच्या, आणि आई तपासणीला गेली होती. बापूंनी आधी नको म्हणलं होतं. तो अभ्यास बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं बाहेरच्या तज्ज्ञांसोबत आपल्याच जिल्ह्यात केला, १,३१,७४६ बायका होत्या त्यात, २००९ ला तो जगात छापून आला. फक्त एकदा एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळं तो कॅन्सर होतो त्याची, तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरनं मरणाऱ्या बायका, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्या निघाल्या. इथल्या एका डॉक्टरबाईंनी मला विचारलं तू कुठली, मी उस्मानाबाद म्हणाले, तर त्यांनी लगेच ओळखलं. आपल्या आया एवढ्यासाठी तयार झाल्या की कुणीतरी ओट्यावर बसून त्यांना समजावून सांगितलं होतं. मग वहिनींना सांगायला काय हरकत आहे?

कसं सांगायचं ते सांगते. पोरं झोपल्यावर, दोघंच. आधी विचार, तुला काय वाटतंय काय झालंय. त्या जे म्हणतील ते ऐक, मध्ये बोलू नकोस. मग नाव घे. लगेच सांग की गाठ काढलीये, उपचार चालू आहेत, हा आजार हात लावल्यानं पसरत नाही, पोरांना जवळ घ्यायचं, एका ताटात जेवायचं. तुझ्या डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे. पैशाचं त्यांच्या मनात असणारच, तेव्हा महात्मा फुले योजनेतनं चाललंय, घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, जमीन विकायची नाहीये, हेही सांगून टाक. बाकी वही पिंकीकडं दे, ती बारावीला आहे, हुशार आहे, तारीख, औषध, ताप, काय त्रास झाला आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहील. पण वही वहिनींच्या उशाशी राहू दे.

इथं चारलाच अंधार पडतो आता. येळवसला वहिनींना रानात नक्की ने, केमोची तारीख बघून, भज्जी गरम गरम खाऊ देत, झाडाखाली खाट टाक. यंदा मी असायला पाहिजे होते.

पुढच्या रविवारी तुमच्या सातला फोन करते. तेव्हा स्पीकर बंद ठेव आणि फोन वहिनींच्या हातात देऊन बाहेर जा.

आई-बापूंना नमस्कार.

तुझी,
छोटी