वही टेबलावरून बॅगेत का गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयटी कंपन्यांतल्या नोकरकपातीच्या बातम्या गेली तीन वर्षं आपल्या अंकात येत आहेत. किती जण गेले याचा आकडा त्यात असतो, कंपनीचा खुलासा असतो, क्वचित कर्मचारी संघटनेचं निवेदनही असतं. जे मागे राहतात त्यांच्याविषयी मात्र फारसं वाचायला मिळत नाही. मी हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत १९ वर्षं नोकरी करते आहे आणि आजवर मागे राहिलेल्यांपैकी आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या टीमकडे ब्रिटनमधल्या एका विमा कंपनीचं काम आहे. दिवसभरात आलेले दावे तिकडच्या रात्री एकगठ्ठा प्रोसेस होतात. त्याला आम्ही नाइट बॅच म्हणतो. ती अडकली की इकडे पहाटे कोणाचा तरी फोन वाजतो. यंत्रणा वीस वर्षांची जुनी आहे. ती कुठे आणि का अडते हे कागदोपत्री निम्मंच लिहिलेलं आहे, बाकीचं माणसांच्या डोक्यात. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, मूळचे सोलापूरचे, त्यासाठी एक वही घातली होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला असते तशी. कोणत्या तारखेला बॅच कुठे अडकली, काय केल्यावर सुटली, सगळं बारीक अक्षरात टिपलेलं. वही त्यांच्या टेबलावर उघडीच असायची. नवी मुलं केटीच्या, म्हणजे काम समजावून सोपवण्याच्या, मीटिंगांपेक्षा त्या वहीवरून जास्त शिकली. मीही शिकले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरची माणसं कमी व्हायला लागली. जाहीर काहीच झालं नाही. दुपारी चारला एचआरचं बोलावणं यायचं, साडेपाचला त्या व्यक्तीचा अॅक्सेस बंद, सहाला आयडी कार्ड गेटवर जमा. ‘स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल,’ असं सांगितलं जायचं. वाकड-पुनावळ्यात फ्लॅटचे हप्ते फेडणारा माणूस पुढच्या नोकरीच्या काळजीने मुकाट सही करायचा. त्यामुळे कागदावर ही कपात नव्हतीच, सगळे आपणहून गेले! कधी महिन्याला दोघं, कधी तिघं. पुढचा नंबर कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नाही.

त्याच सुमारास ती लाल वही टेबलावरून दिसेनाशी झाली. एकदा लिफ्टमध्ये त्यांच्या बॅगेच्या कप्प्यातून तिचा कोपरा दिसला. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. आपल्याला जे येतं ते सगळ्यांना यायला लागलं तर आपली गरज काय उरली, हा हिशेब त्या दिवसांत प्रत्येक जण मनात मांडत होता. मीसुद्धा.

पूर्वी चारच्या चहाला आम्ही नऊ जण मिळून टपरीवर जायचो. आता दोघं-दोघं जातात, आणि तिसरा आला की विषय बदलतो. ऑफिसच्या ग्रुपवर कोणी अडचण टाकली की पाच मिनिटांत तीन उत्तरं यायची. आता सगळ्यांनी वाचलेलं दिसतं, उत्तर येत नाही. साधी चूक दाखवायची तरी मेल, आणि सीसीमध्ये वरचे तीन अधिकारी. व्यवस्थापनालाही हे जाणवलं. त्यांनी आम्हाला टीम बिल्डिंगसाठी एक दिवस मुळशीच्या रिसॉर्टवर नेलं. रस्सीखेच झाली, जेवणही चांगलं होतं. परतीच्या बसमध्ये जो तो कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत होता.

माझ्या मते खरं दुखणं रेटिंगच्या पद्धतीत आहे. बेल कर्व्हच्या नावाखाली दहा जणांतला एक तळाला टाकावाच लागतो, मग दहाही जण उत्तम काम करणारे का असेनात. एरवी त्याने वेतनवाढ हुकते, पण कपातीच्या दिवसांत तळाचं नाव म्हणजे जाणाऱ्याचं नाव. शेजारच्याला मदत केली तर तो माझ्या पुढे जाईल, आणि मी खाली. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. त्यांच्याकडची कपात त्यानंतरही थांबलेली नाही, २०२३ मध्ये दहा हजारांची घोषणा झालीच. पण एकाच टीममधल्या माणसांना एकमेकांविरुद्ध उभं करून काम होत नाही, एवढं त्यांना पटलं. आपल्याकडे अजून का पटत नाही?

गेल्या वर्षी मी स्वतः एका मुलीला तळाला टाकलं. तिने बंद केलेली तिकिटं, म्हणजे सोडवलेल्या तक्रारींच्या नोंदी, टीममध्ये सर्वांत कमी होती. कमी होती, कारण तिचा निम्मा दिवस दुसऱ्यांची तिकिटं सोडवण्यात जायचा. हे मला माहीत होतं. पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता आणि मी तो मागितला नाही. एप्रिलमध्ये तिला बोलावणं आलं. त्यानंतर टीममध्ये कोणी कोणाचं तिकीट हातात घेतलेलं मी पाहिलं नाही.

पुढे वहीवाले सहकारीही गेले. तीन आठवड्यांनी पहाटे पावणेचारला बॅच अडकली. आम्ही चौघं दीड तास झगडलो. शेवटी मी त्यांना फोन लावला. लावायला नको होता, कोणत्या तोंडाने लावला तेही माहीत नाही. त्यांनी लगेच उचलला. ‘थांबा ताई, बघतो,’ म्हणाले आणि मला पानं उलटल्याचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी कोणती फाइल रिकामी आली असेल ते सांगितलं. तीच होती. मी माफी मागितली, तेव्हा एवढंच म्हणाले, ‘वही ठेवूनच जायचं होतं, पण कोणाच्या हातात द्यायची तेच कळेना.’

धंद्यात चढउतार असतात, ऑर्डरी कमी होतात, एआयमुळे कामाचं स्वरूप बदलतं आहे, हे मला कळतं. कोणालाच कधी काढू नये असं माझं म्हणणं नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने वर्षभरात सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त, कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. मी तिथे नोकरीला नाही आणि त्या निर्णयाची बाजूही घेत नाही. पण निदान आकडा लोकांसमोर आला, त्यावर प्रश्न विचारता आले. आमच्यासारख्या ठिकाणी आकडाच नसतो, मग प्रश्न कोणाला आणि कशाचा विचारायचा?

कायदा अगदीच नाही असंही नाही. कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन आणि ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हा क्रम, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. शिवाय काढलेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत, भरण्याची तरतूद आली. मात्र सरकारची आधी परवानगी घेण्याचं बंधन कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरतंच आहे. आमच्या हुद्द्यात ‘लीड’, ‘मॅनेजर’ असे शब्द असल्यामुळे आम्ही कामगारच नाही, असंही सांगितलं जातं. हुद्दा काहीही असो, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहायचं, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. पण राजीनाम्यावर सही झाली की ही सगळी चर्चाच संपते. म्हणून राज्याच्या कामगार आयुक्तांना माझी विनंती आहे: हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या कंपन्यांकडून गेल्या दोन वर्षांतल्या राजीनाम्यांची माहिती मागवा. एकाच महिन्यात, एकाच टीममधून, एकाच मजकुराचे किती राजीनामे आले ते पाहा.

कंपन्यांना सांगणं एवढंच, की जे करायचं ते एकदा आणि उघड करा. किती जण, कोणत्या निकषावर, कोणत्या तारखेपर्यंत, हे सांगा. आणि त्या तारखेनंतर उरलेल्यांना शब्द द्या, की आता वर्षभर कोणी जाणार नाही. मग बघा, चहाला किती जण एकत्र निघतात.

या महिनाअखेरीस मला पुन्हा रेटिंगची यादी द्यायची आहे. आठ नावं आहेत. या वेळी प्रत्येक नावापुढे त्याने वर्षभरात कोणाकोणाला काय मदत केली, ते मी लिहिलं आहे. फॉर्ममध्ये रकाना नाही, म्हणून वेगळा कागद जोडते आहे. तळाला कोणालाही टाकलेलं नाही. यादी परत आली, तर तसंच लेखी उत्तर देणार आहे.

आपली,
एक वाचक, वाकड, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)